फोटोतला अंगठा

“जरा धरता का हे? मान सांभाळा फक्त.”

एवढं बोलून त्या माणसाने माझ्या हातात एक गाठोडं ठेवलं आणि भुरभुर पावसात तो पुन्हा टॅक्सीकडे पळाला. मी आमच्या संग्रहालयाच्या मागच्या दारात उभी, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात कुणाची तरी मान. फडकं बाजूला केलं तर लाकडी चेहऱ्याची बाहुली. नाकाचा टवका उडालेला, पण नजर अशी की जणू मीच उशिरा आले होते.

तो दोन पेट्या घेऊन परतला. केस ओले, चष्म्यावर थेंब.

“इथे फोटो तपासणाऱ्या बाई कुठे बसतात हो?” त्याने विचारलं. “चार वेळा नापास केलंय मला. कसला डूख धरलाय, देव जाणे.”

“चला, दाखवते.” मी त्याला माझ्या खोलीत नेलं, बाहुली टेबलावर ठेवली आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसले. “हं, बोला.”

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

झालं होतं असं. बारा संग्रहालयांनी मिळून एकच संकेतस्थळ उभं केलं होतं. कुणीही घरबसल्या बाराही ठिकाणच्या वस्तू पाहाव्यात, म्हणून. सगळे फोटो एकसारखे दिसावेत यासाठी नियम मीच लिहिले होते: मागे राखाडी पडदा, वस्तू एकटी, माणसाचा हात दिसता कामा नये. आणि बाहुल्यांच्या त्या चिमुकल्या संग्रहालयातून येणाऱ्या प्रत्येक फोटोत, कोपऱ्यात, अंगठा. ते फोटो पाठवणाऱ्याचं नावच मी अंगठेबहाद्दर ठेवलं होतं. तो असा... म्हणजे, असा असेल असं काही वाटलं नव्हतं.

“अहो, हातात घालायच्या बाहुल्या आहेत त्या,” तो म्हणाला. “हात काढला की उरतं नुसतं फडकं.”

“स्टँडवर लावा.”

“तुम्हीच लावून बघा.”

लावली. दुपारभर लावली. तारेवर, बाटलीवर, पुस्तकांच्या थप्पीवर. तो दिवा धरायचा, मी कॅमेरा. चहा दोनदा गार झाला. प्रत्येक फोटोत बाहुली फाशी दिल्यासारखी दिसत होती. शेवटी त्याने तिच्यात हात घातला. ती माझ्याकडे वळली, मान तिरकी करून बघत राहिली... आणि लाजून तिने तोंड झाकलं. मला हसू आवरेना.

“हसलात. मग पास?”

“हसण्याबद्दल नियम नाही. हाताबद्दल आहे.”

तो पेटी आवरू लागला. “आज संध्याकाळी सगळ्यांची बैठक आहे ना? त्याआधी आमचे फोटो पास झाले नाहीत, तर आम्ही बाहेर. मग माझे काका, संग्रहालय त्यांचंच, दार कायमचं लावणार. दिवसाला चार माणसं फिरकत नाहीत म्हणतात. निदान पडद्यावर तरी कुणी पाहिलं असतं...” बोलता बोलता त्याने बाहुलीची ओढणी नीट केली.

मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर नुसतं वाईट नाही. हा पेटी उचलून निघून जाईल, याचीच धास्ती वाटली. आई म्हणते ते काही खोटं नाही, मी नको तिथे ताठ आणि नको तिथे मऊ.

नियम बदलायचा तर बैठकीत सगळ्यांचा होकार लागणार होता. आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की मला दरदरून घाम फुटतो.

“पेटीतली दुसरी द्या,” मी म्हटलं. “बोटं कुठे घालायची?”

त्याने दाखवलं. पहिलं बोट मानेत, अंगठा एका बाहीत... त्याची बोटं थंडगार होती आणि सांगताना तो अडखळत होता. मी दोनदा चुकले. दुसऱ्यांदा मुद्दाम.

संध्याकाळी बैठकीसाठी संगणकाच्या पडद्यावर सगळे चेहरे उमटले. आम्ही दोघं टेबलाखाली, वर फक्त बाहुल्या.

“नमस्कार मंडळी,” माझी बाहुली म्हणाली. आवाज थरथरत होता, पण तो तिचा होता. “हात नको, असा नियम आमच्या मॅडमनी केलाय. मग आम्ही उभं कसं राहायचं?”

“त्यांनी आपल्याला कधी नाचताना पाहिलंच नाही ना,” त्याची म्हणाली. “फोटोच तपासतात बिचाऱ्या.”

“बिचारी कुणाला म्हणतेस गं?” माझी तिच्या अंगावर धावून गेली. हे काही ठरलं नव्हतं.

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. शस्त्रांच्या संग्रहालयाचे जाड मिशांचे साहेब, जे कधी हसल्याचं कुणाला आठवत नाही, तेही घसा खाकरून म्हणाले, “बाहुल्यांना हाताची सूट. कुणाची हरकत?”

कुणाचीच नव्हती.

पडदा बंद झाला. आम्ही टेबलाखालीच, गुडघे अवघडलेले, हातांत बाहुल्या. त्याची बाहुली माझ्या बाहुलीच्या कानाशी आली.

“तुमच्या मॅडम रविवारी मोकळ्या असतात का?”

“ज्याला विचारायचंय त्याने स्वतः विचारावं,” माझी म्हणाली.

मग बाहुली काढून त्याने मांडीवर ठेवली.

“मला... बाहुलीशिवाय बोलायला फारसं जमत नाही. पण तुम्ही आवडलात मला. दारात तिची मान सांभाळून उभ्या होतात ना, तेव्हापासून.”

मीही बाहुली काढली. ज्या अंगठ्याला चार वेळा नापास केलं होतं, त्याच्याशेजारी माझा हात ठेवला. त्याने तो धरला. बाहेर शिपाईकाका दिवे मालवत आमच्या खोलीकडे येत होते.

“कुणीतरी येतंय,” तो कुजबुजला. “हात दिसेल.”

“दिसू दे,” मी म्हटलं.