‘गालीलचा वारा’ची एकुलती कॅसेट

शनिवारी सकाळी बाबांनी कॅसेटची डबी उघडली आणि ते खुर्चीत मटकन बसले.

"हेमा, ही आपली नाही गं."

डबीवर नाव बरोबर होतं, ‘गालीलचा वारा’. एक्याऐंशी साली चर्चच्या तरुण संघाने गिटार आणि ड्रम घेऊन ख्रिस्ती गाण्यांचा हा अल्बम काढला होता. वडीलधाऱ्यांनी नाकं मुरडली, कॅसेटी फारशा खपल्या नाहीत. पण त्यात हेमाची आई, श्यामला, गायली होती. आईला जाऊन उद्या वर्ष होणार होतं. उपासनेत तिचंच गाणं लावायचं होतं!

हेमाने आतली कॅसेट लावली.

"साड्यांचा भव्य सेल! कर्वेनगरकरांनो, त्वरा करा!"

"अगं, हे तर तुझे माधवकाका!" शेजारचा युसूफ ओरडला.

"परवा तो इथेच जाहिरात रेकॉर्ड करत होता," बाबा म्हणाले. "माझी कॅसेट मशीनमधून काढली असणार, आणि जाताना चुकून स्वतःची डबीत ठेवून तीच घेऊन गेला!"

हेमाने काकूला फोन लावला.

"अगं, रिक्षाच्या लाउडस्पीकरवर लावली तर गिटार वाजायला लागली म्हणे!" काकू म्हणाली. "मग हे चिडले. मकसूदच्या कॅसेटच्या दुकानात गेलेत, तीच पुन्हा भरायला."

हेमाने फोन ठेवला. "पण आईने कॅसेटच्या मागची प्लास्टिकची टिकली तोडून ठेवलीय! तिच्यावर रेकॉर्डिंग होत नाही ना?"

"मोकळ्या खाचेवर चिकटपट्टी लावली की होतं," युसूफ म्हणाला. "माझा मकसूदमामू रोज तेच करतो. सायकल काढ!"

दोघांनी जोरात पॅडल मारलं. चौकात सिग्नल लाल झाला. हेमाला रडू यायला लागलं.

मकसूदमामू दुकानाबाहेर चहा घेत होता. आत मशीनचा लाल दिवा लागला होता. काका माइक धरून बोलत होते.

"काका, थांबा!"

काकांनी हाताने ‘गप्प बसा’ अशी खूण केली आणि बोलणं चालूच ठेवलं. युसूफ सरळ टेबलाखाली शिरला आणि त्याने प्लग ओढला. दिवा विझला.

"लाइट गेली?" काका वैतागले. "लाइट जायला आज काय गुरुवार आहे?"

"काका, त्यात आई आहे!" हेमा म्हणाली.

काकांनी कॅसेट बाहेर काढली, नाव वाचलं आणि माइक खाली ठेवला.

रविवारी चर्चमध्ये कॅसेट लागली. आधी काकांचा आवाज, "साड्यांचा भव्य सेल", अर्धी जाहिरात, मग खट्, मग गिटार आणि आई. कुणी हसलं नाही. काका मान खाली घालून उभे होते.

बाबांनी युसूफच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास रे! आणि हेमा, तूसुद्धा."

पहिल्या गाण्याचं पहिलं कडवं मात्र पुसलं गेलं. हेमा आणि युसूफ दुसरी प्रत शोधतायत. ती अजून मिळालेली नाही.