सभासदबाईंची खुर्ची

नगरपालिकेच्या सभागृहाबाहेरच्या बाकावर ती बसली होती, तेव्हा तो धापा टाकत जिना चढून आला. केस विस्कटलेले, खांद्यावर पिशवी, आणि शर्टाच्या खिशावर शाईचा ताजा डाग.

"सभा सुरू झाली?"

"केव्हाच."

तो मटकन तिच्या शेजारी बसला. मग आपण जरा जास्तच जवळ बसलो हे लक्षात येऊन बाकाच्या पार टोकाला सरकला. तिला हसू आवरेना.

तो एका दैनिकाचा बातमीदार होता आणि गावात नवा होता. बाजारपेठेच्या वॉर्डातून निवडून आलेल्या सभासदबाईंना त्याला भेटायचं होतं. पण ज्याला विचारावं तो बाईंच्या भावाकडे बोट दाखवत होता.

"तुम्ही पाहिलंय का त्यांना? कशा आहेत?"

"दिसायला बऱ्या आहेत," ती म्हणाली. "पण फारशा कुणाला दिसत नाहीत."

"आणि कामाला?"

"अजून सुरुवात व्हायचीय... असं ऐकलंय."

तो हसला. त्याच्या हसण्यात डोळेच आधी हसतात, हे तिनं उगाचच टिपून ठेवलं. एवढ्यात सभागृहाचं दार किलकिलं झालं आणि शिपायानं डोकं बाहेर काढलं. "ताई, मतदान आलंय. हात वर करायला चला."

ती उठली. बातमीदाराकडे न बघता आत गेली. तिच्या दादानं मागे वळून मान हलवली, तसा तिनं हात वर केला. बाहेर आली तेव्हा बाक रिकामा होता.

गेलं वर्षभर हे असंच चाललं होतं. निवडणूक खरं तर दादाला लढवायची होती. पण ऐन वेळी ती जागा बायकांसाठी राखीव झाली. वहिनी बाळंतीण, मग उरली कोण? छोटी. घरात तिला सगळे छोटीच म्हणत, आणि गावात ती दादांची बहीण. फलकांवर दादाचा फोटो मोठा, हिचा टपाल तिकिटाएवढा. सभेतही तिच्या खुर्चीत दादाच बसे आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नसे. तिलाही नाही. वडील गेल्यावर स्वतःचं शिक्षण सोडून दादानं तिला शिकवलं होतं. त्याच्यासाठी एक हात वर करायचा, त्यात काय मोठंसं?

दुसऱ्या दिवशी पेपरात एक ओळ छापून आली: सभासदबाईंना मतदानापुरतं आत बोलावण्यात आलं.

ती तडक पेपरच्या कचेरीत गेली. बातमीदार तिला पाहून उभाच राहिला.

"बातमीत चूक असेल तर उद्या दुरुस्ती छापतो," तो म्हणाला.

"चूक नाहीये. तेच तर..." तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. "निदान काल बाकावर आपण बोललो ते तरी छापलं नाहीत. आभारी आहे."

"ते माझ्यासाठी ठेवलंय," तो म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो हे कळून कागद चाळू लागला. मग जरा थांबून त्यानं विचारलं, "एक विचारू? काल हात कशासाठी वर केलात?"

तिला सांगता येईना. माहीतच नव्हतं.

त्यानं ते सांगितलं, पण आवाजात टोमणा नव्हता. मंडईमागच्या मोकळ्या जागेत बायकांसाठी स्वच्छतागृह व्हायचं होतं. आता तिथे वाहनतळ होणार. कालची मंजुरी पहिली होती, पक्का निर्णय पुढच्या सभेत.

तिथून ती घरी गेली नाही, मंडईत गेली. मोकळ्या जागेवर वाहनतळाच्या विरोधात भाजीवाल्या, मासळीवाल्या, फुलवाल्या ठाण मांडून बसल्या होत्या. त्यांची पुढारी असलेल्या फुलवाल्या मावशींनी तिला नखशिखांत न्याहाळलं.

"तुम्ही दादांच्या ना?"

"हो. तुमच्या वॉर्डाचीही."

"मग ऐका. पहाटे घरून निघतो ते अंधार पडेपर्यंत आम्ही पाण्याचा घोट घेत नाही. घेतला तर जायचं कुठं? दोघींना मूतखडे झालेत. आणि तुम्ही त्या गाड्या उभ्या करायला हात वर केलात."

मावशींचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. ती म्हणाली, "मी बसू का इथे?" कुणीतरी सरकून जागा दिली.

मग ती रोज जाऊ लागली. वाचनालयातून सभेच्या नियमांचं पुस्तक आणलं आणि तिथे बसूनच वाचून काढलं. बातमीदारही रोज येई, बातमीसाठी. निदान पहिले काही दिवस तरी बातमीसाठीच. सभेत बोलायची तिला धास्ती होती, म्हणून तो नगराध्यक्षांचा आव आणून समोर बसे आणि आडवे प्रश्न विचारी.

"सभासदबाई, पैसा कुठून आणायचा?"

"वाहनतळासाठी ठेवलाय ना, तिथून."

"सभासदबाई, बायकांची आजवर कधी तक्रार नव्हती."

"आजवर कधी विचारलंत?"

"सभासदबाई, तुम्ही चिडलात की तुमच्या नाकाचा शेंडा लाल होतो."

"अध्यक्षमहाराज, हे विषयाला सोडून आहे."

"हो... पण खरं आहे."

भाजीवाल्या तोंडाला पदर लावून हसत. एकदा बारीक पाऊस आला, तेव्हा त्यानं आपली छत्री तिच्यावर इतकी झुकवली की तो स्वतः अर्धा भिजला. ती म्हणाली, मध्ये धरा. मध्ये धरायची तर जवळ बसावं लागणार होतं. दोघंही बसले... आणि बराच वेळ नियमांच्या पुस्तकाचं एकही पान उलटलं गेलं नाही.

घरी कुणकुण लागायला वेळ लागला नाही. दादा ओरडला नाही. जेवण झाल्यावर त्यानं तिला समोर बसवलं. वाहनतळाचा शब्द त्यानं ठेकेदार मित्राला दिला होता, आता तोंड कसं दाखवू, म्हणाला. मग हलक्या आवाजात विचारलं, "मी तुला काय कमी केलं, छोटी?"

"काहीच नाही, दादा. म्हणून तर वर्षभर तुझं ऐकलं."

"हे त्या बातमीदाराचं डोकं आहे."

"दादा, डोकं माझंच आहे. तूच शिकवलंस मला."

दादा उठून निघून गेला. आणि दुसऱ्या दिवसापासून बातमीदार मंडईत यायचा बंद झाला. त्याच्या जागी दुसराच कोणी वही घेऊन आला. दादानं त्याला दम दिला असेल? की त्याला फक्त बातमीच हवी होती? तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पण सभा तोंडावर आली होती. कुणाच्या येण्याजाण्यावर आपलं बोलणं अडता कामा नये, असं तिनं स्वतःला बजावलं.

सभेच्या दिवशी ती बाकावर बसली नाही. दार ढकलून आत गेली. तिच्या खुर्चीत दादा होता.

"दादा, ऊठ. ती खुर्ची माझी आहे."

दादानं तिच्याकडे पाहिलं. तिची नजर हलली नाही. तो सावकाश उठला आणि बाहेर गेला. खुर्ची अजून गरम होती. तिला रडू फुटेलसं वाटलं. पण अध्यक्षांनी विषय पुकारला आणि ती बोलायला उभी राहिली.

फार वेळ बोलली नाही. ज्यांनी भरलेल्या बाजारपट्टीवर ही नगरपालिका चालते, त्या बायका दिवसभर तहानलेल्या राहतात, एवढंच तिनं सांगितलं. मागच्या सभेत आपण विचार न करता हात वर केला, आज विचार करून विरोधात करतोय, म्हणाली. हात वर केला. क्षणभर तो एकटाच होता. मग कोपऱ्यातल्या एका बाईंनी नवऱ्याच्या खुणेकडे पाठ फिरवून हात वर केला. मग आणखी दोघींनी, आणि त्यांच्यामागून काही पुरुषांनीही. वाहनतळाचा ठराव पडला. प्रेक्षकांत बसलेल्या मावशींनी डोळे पुसले.

प्रेक्षकांत आणखी एक जण होता. सभा संपल्यावर त्यानं तिला जिन्यात गाठलं.

"का येईनासे झालात?" तिनं सरळच विचारलं.

"संपादकांना सांगून क्रीडापानावर बदली करून घेतली."

"तुम्हाला खेळातलं कळतं?"

"ओ की ठो नाही." तो खाली बघत होता. "पण तुमच्याबद्दल लिहायला बसलो की... बातमी राहत नव्हती. कुणी म्हणालं असतं, हिला बातमीदारानंच मोठं केलं. ते मला नको होतं. सभेआधी सांगितलं असतं तर तुमचं लक्ष उडालं असतं, म्हणून..."

"ते तुम्ही परस्पर ठरवलंत? माझ्या वतीनं ठरवणारं एक माणूस घरात होतंच."

त्याचा चेहरा उतरला. "चुकलं," तो म्हणाला. "पुन्हा नाही."

ती एक पायरी खाली उतरली. आता दोघं एकाच पायरीवर होते.

"मग मी विचारते, उत्तर तू दे," ती म्हणाली. तुम्हीचं तू कधी झालं ते तिलाही कळलं नाही. "मला तू आवडतोस. खूप. तुझं काय?"

"मी तर..." त्यानं नुसताच हात पुढे केला.

दादा पुढे बरेच दिवस तिच्याशी बोलला नाही. मग एका सकाळी सभेला जाताना, चल सोडतो, म्हणाला, आणि दारापर्यंत सोडून परत फिरला. पण ते नंतरचं. त्या दुपारी ती बातमीदाराचा हात धरून जिना उतरली. मागच्या दारानं गल्लीतून जाता आलं असतं. त्यानं तसं सुचवूनही पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "मंडईतून जाऊ."

आणि भर दुपारी, भर बाजारातून, माना वळत होत्या त्या वळू देत, ती ताठ मानेनं चालत राहिली.