वाट कशी बघावी? (प्रात्यक्षिकासह)

"या वक्त्यांना कॉलरचा माइक लागेल की उभा?"

मी आधी आवाज ओळखला, माणूस नंतर. गेले तीन महिने हा आवाज रोज इंटरकॉमवर यायचा. 'नऊ नंबर बोलतोय. सभागृहात माइक किती?' बस्स, एवढंच. ध्वनिकक्ष तळघरात, माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट माझ्या जन्माआधीपासून बंद असावी, त्यामुळे भेट कधी झालीच नव्हती. आवाजावरून मी एक पन्नाशीचे, पोट सुटलेले, सभ्य काका मनाशी नक्की करून टाकले होते. दारात उभा होता तो जेमतेम तिशीचा. बाह्या दुमडलेल्या, खांद्यावर वायरचं वेटोळं, आणि तीन जिने चढल्याने श्वास थोडा फुललेला.

"इंटरकॉम बंद पडलाय," तो म्हणाला. "म्हणून वर आलो."

"कोणते वक्ते?"

त्याने विद्यापीठाचं 'आगामी कार्यक्रम' पत्रक माझ्यासमोर ठेवलं आणि एका चौकटीवर बोट टेकवलं. मी वाचलं. परत वाचलं.

*वाट कशी बघावी? (प्रात्यक्षिकासह). वक्ते : येतील तेव्हा कळेल. गुरुवार, सायंकाळी साडेचार, कक्ष चार. सर्वांना मुक्त प्रवेश.*

हे मीच लिहिलं होतं. पण छापायला नव्हे हो!

झालं होतं असं. व्याख्यानं, परिसंवाद, कार्यशाळा यांचं पत्रक दर पंधरा दिवसांनी मी तयार करते. एखाद्या तारखेचा वक्ता ठरायचा राहिला की चौकट रिकामी पडते आणि खालच्या सगळ्या चौकटी सरकून पानाचा विचका होतो. म्हणून तिथे मी एक खोटंच व्याख्यान भरून ठेवते. आमच्या खात्यात त्याला भरती म्हणतात. भरती मुद्दाम वेडपट लिहायची, म्हणजे शेवटच्या वाचनात ती डोळ्यांत खुपते आणि काढायची राहत नाही. यावेळी शेवटच्या वाचनाला बसले आणि आईचा फोन आला. "काय गं, कायम झालीस का?" आई दर आठवड्याला हेच विचारते, जशी काही मी तिच्यापासून ते लपवून ठेवलंय. तिची समजूत घालता घालता मी पान पुढे पाठवून दिलं.

दोन हजार प्रती. ग्रंथालयं, दवाखाने, चौकातले फलक... आज सोमवार. पत्रक शनिवारीच सगळीकडे पोचलं होतं.

"अहो, असे कोणी वक्ते नाहीतच," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"मग माइक नको?"

"तुम्हाला माइकचं पडलंय!"

"मला दुसरं काय येतं?" तो म्हणाला, आणि न विचारता समोरची खुर्ची ओढून बसला. "सांगा बरं नीट. काय झालंय?"

का कोण जाणे, मी सांगितलं. माझा सहा महिन्यांचा करार महिनाअखेर संपतो. मुदतवाढीचं पत्र संचालक साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलंय. साहेब बाहेरगावी आहेत ते गुरुवारी परततील. कार्यक्रम रद्द करायचा तर नियमाप्रमाणे वक्त्याचं पत्र जोडावं लागतं, आणि नसलेल्या माणसाचं पत्र मी आणू कुठून? साहेबांना हे कळलं की सही होणार नाही आणि माझं इथलं दाणापाणी संपलं.

"नोंदणी किती झालीय?" त्याने विचारलं.

मी पाहिलं. तेवीस.

"तेवीस माणसांना वाट बघायला शिकायचंय," तो गंभीरपणे म्हणाला. आणि त्या तसल्या अवस्थेतही मला हसू फुटलं. चिडलेच मी त्याच्यावर.

मग सुरू झाली धावपळ. खरा वक्ता मिळाला तर चूक झाकली जाणार होती. मंगळवारी मी एकेक विभाग पालथा घातला, आणि हा आपला मागे मागे. "माइक ठरवायचाय ना," असं म्हणत.

मानसशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "माझं संशोधन उतावीळपणावर आहे गं, अगदी उलट." तत्त्वज्ञानाचे सर म्हणाले, "विषय गहन आहे. विचार करून महिन्याभरात सांगतो." संख्याशास्त्राचे सर मात्र खुलले. रांगेत किती वेळ जाईल याचं म्हणे मोठं सुंदर गणित असतं. मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते. "पण गुरुवारी साडेचारला माझंच व्याख्यान आहे," ते म्हणाले. "तूच छापलंयस की, तिसऱ्या ओळीत!"

जिन्यात आल्यावर मी कपाळ धरून बसले.

"पत्रकबाई," तो शेजारच्या पायरीवर बसत म्हणाला, "कॉफी घेणार?"

"माझी नोकरी चाललीय."

"म्हणूनच म्हणतोय. साखर जास्त घालतो."

"तुम्हाला काही कामं नाहीत का हो?"

"आहेत ना..." तो खांद्यावरचं वेटोळं सारखं करत म्हणाला. "तुमच्याबरोबर फिरण्याइतकी महत्त्वाची नाहीत."

मी उठून त्याच्याबरोबर कॉफीच्या यंत्रापाशी गेले. कॉफी खरंच फार गोड होती. संध्याकाळपर्यंत नोंदणी अठ्ठावन्नवर गेली, आणि घरी माझं जेवणात लक्ष नव्हतं. ताई म्हणाली, "तू पोळी खातेयस की मोजतेयस?" नोकरीचीच काळजी होती ती... बहुतेक. पण डोळ्यांसमोर सारखं वायरचं वेटोळं येत होतं, त्याला मी काय करू?

बुधवारी दुपारी तत्त्वज्ञानाच्या सरांचा निरोप आला, की त्यांचा विचार अजून चालू आहे. हे त्याला सांगायला मी सवयीने इंटरकॉम उचलला आणि नऊ दाबलं.

वाजला. व्यवस्थित वाजला.

"नऊ नंबर," पलीकडून आवाज आला.

"इंटरकॉम दुरुस्त झाला?"

मग अगदी बारीक आवाजात, "तो... बिघडलाच नव्हता."

पाचव्या मिनिटाला तो धापा टाकत माझ्या दारात होता.

"पत्रकांचे गठ्ठे छापून आले की माझ्याकडेच उतरतात," तो म्हणाला. आज तो बसला नाही. "शुक्रवारी सहज एक वाचलं. खूप हसलो. भरती आहे हे लगेच कळलं मला. तीन महिने एकच प्रश्न विचारतोय मी, माइक किती. दुसरं काही विचारायला निमित्तच मिळेना. म्हटलं, सोमवारी हे घेऊन वर जावं आणि... भेटावं."

मला अर्थ लागायला जरा वेळ लागला.

"शुक्रवारी? शुक्रवारी गठ्ठे तुमच्याकडे होते?"

त्याने मान हलवली.

"एक फोन केला असतात तर तिथल्या तिथे थांबवता आले असते!"

"ते डोक्यातच आलं नाही. शनिवारी सकाळी आलं, तोवर गाडी गेली होती."

"आणि सोमवारी साळसूद चेहरा करून माइक विचारायला आलात! काल दिवसभर माझ्याबरोबर पायपीट केलीत, तरी तोंडातून एक शब्द नाही?"

"रोज सांगणार होतो. मी साहेबांना सांगतो, माझ्यामुळे..."

"काही सांगू नका. लिहिलं मी, तपासलं मी. जा तुम्ही."

तो गेला. मी रागाने फायली आपटल्या, पंखा बंद केला, परत लावला. पण खरं सांगू? राग येत होता तो आणखीच एका गोष्टीचा. 'भेटावं' हा त्याचा शब्द कानातून जाता जात नव्हता आणि मला तो आवडत होता. इतकं नुकसान करणाऱ्या माणसाचा शब्द आवडतो म्हणजे काय!

गुरुवारी नोंदणी एक्याण्णव झाली. कक्ष चारमध्ये खुर्च्या ऐंशी. सव्वाचारपर्यंत साहेबांचा पत्ता नव्हता, म्हणून त्यांना आधी गाठून सगळं कबूल करायचं राहूनच गेलं. मी खाली आले तर लोक भिंतीला टेकून उभे. टेबलावर पाण्याचा पेला, कॉलरचा माइक, शेजारी उभा माइक आणि एक चिठ्ठी. 'दोन्ही चालू आहेत. सोसेल तो घ्या.' तो मागे आपल्या खटक्यांपाशी होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. म्हणजे, एकदाच बघितलं.

आणि दारातून संचालक साहेब आत आले. हातात प्रवासाची बॅग, दुसऱ्या हातात पत्रक. शेवटच्या रांगेत कोणीतरी त्यांना जागा करून दिली.

मी उभा माइक घेतला. धरायला काहीतरी हवं होतं.

"नमस्कार. हे व्याख्यान नाहीच आहे," मी म्हणाले. "ही माझी चूक आहे." आणि सांगून टाकलं सगळं. भरती, रिकामी चौकट, आईचा फोनसुद्धा. फक्त शुक्रवारचं नाही सांगितलं. ते माझं नव्हतं.

मग कोपऱ्यातून कुणीतरी हसलं, आणि बघता बघता सगळी खोली हसायला लागली.

"मग जाऊ का आम्ही?" पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या.

"जा ना... पण एक सांगाल? वक्त्याचा पत्ता नाही, तरी तुम्ही आलात कशाला?"

बाई थोडा विचार करून उठल्या. तो धावत माइक घेऊन पोचला. त्या नर्स होत्या. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसलेली माणसं भिंतीवरची एकच सूचना तीस-तीस वेळा वाचतात, त्या म्हणाल्या. त्यांच्याशी काय बोलावं हे वीस वर्षांत समजलेलं नाही, म्हणून त्या आल्या. मागचा एक संशोधक विद्यार्थी म्हणाला, त्याचा प्रबंध मार्गदर्शकांकडे चौदा महिने पडून आहे. तोवर त्याने कुंडीत मिरच्या लावल्या, आता तिसरा तोडा चालू आहे. मग हात वर होतच गेले. कोणी निकालाची वाट बघत होतं, कोणी भावाच्या पत्राची. माइक इकडून तिकडे नेता नेता त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला.

"अहो माइकवाले, तुम्ही पण बोला की!" कुणीतरी ओरडलं.

तो मधल्या वाटेत थांबला. माइक तोंडाशी नेला. माझ्याकडे बघितलं.

"हॅलो," तो म्हणाला. "चेक." आणि माइक पुढच्या माणसाच्या हातात दिला.

शुक्रवारी साहेबांनी बोलावलं. त्यांच्यासमोर एकच पाकीट होतं, आत दोन कागद. एक ताकीदपत्र. दुसरी मुदतवाढ.

"बावीस वर्षं या खात्यात आहे मी," ते म्हणाले. "वक्ता नसताना वेळेवर सुरू झालेला हा पहिलाच कार्यक्रम. पण पुन्हा नको." मी वळले तसं म्हणाले, "आणि हो, ध्वनिकक्षातल्या त्या मुलाने काल सकाळी मला प्रवासातच फोन केला. म्हणे चूक त्याची आहे, सही अडवायची तर त्याच्या कराराच्या कागदावर अडवा. कोणती चूक, तर म्हणे न केलेला फोन. मला काही उमगलं नाही. तुला उमगलं?"

"हो सर," मी म्हणाले, आणि पटकन बाहेर आले, कारण डोळे भरून आले होते.

आईला फोन केला. "कायम?" तिने विचारलं.

"नाही गं. अजून सहा महिने."

"म्हणजे परत वाटच बघायची."

"आता येते मला."

पण कुठली येतेय! आठवडाभर इंटरकॉम वाजला नाही. माइकची चौकशी चिठ्ठीवर यायची, 'सभागृह – किती?' खाली सहीसुद्धा नाही. मी त्याला जा म्हटलं होतं आणि तो शहाण्यासारखा गेला होता. या शहाणपणाचा मला इतका संताप आला, की दिवसातून दहा वेळा रिसीव्हर उचलून ठेवून द्यायचे.

पुढचं पत्रक लावताना शनिवारची एक चौकट रिकामी पडली. मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. मग भरती लिहिली, त्या पानाची एकच प्रत काढली आणि शिपायांच्या हाती तळघरात पाठवली.

*माफी कशी मागावी? (प्रात्यक्षिकासह). वक्ते : नऊ नंबर. शनिवार, सायंकाळी पाच, कॉफीच्या यंत्रापाशी. श्रोते : एक. माइक लागणार नाही.*

ती चौकट मी पानावरून लगेच पुसली. दोनदा तपासलं, खरंच पुसली. मग हात मांडीवर घेऊन बसले. शिपाई किती हळू जिने उतरतात, हे मला त्या दिवशी कळलं.

इंटरकॉम वाजला.

"नऊ नंबर बोलतोय." मागचे आठ दिवस त्या आवाजात ऐकू येत होते. "एक अडचण आहे. माइक नाही म्हणता. मग ऐकू कसं येणार?"

"जवळ बसायचं," मी म्हणाले.