दहाच्या आधीची लेखी परवानगी

पहिल्या भेटीत दहाची घंटा होईपर्यंत मी त्यांच्याशी एक अक्षरही बोलले नाही, आणि त्यांनी मात्र अर्ध्या तासात मला त्यांचा अख्खा सर्व्हर सांगून टाकला.

सकाळचे साडेनऊ झाले होते. शाळेच्या ग्रंथालयात मी परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावत होते. तेवढ्यात कोपरानं दार ढकलून संगणकाचे नवे सर आत आले. खांद्यावर वायरींचं भेंडोळं, काखेत लॅपटॉप. महिन्याभरातच मुलांनी त्यांचं नाव ‘वायरसर’ पाडलं होतं.

“मॅडम, एखादं सॉकेट रिकामं आहे का? आमच्या खोलीतली वीज गेलीय.”

मी बोटानं खिडकीखालचं सॉकेट दाखवलं.

“आणि स्टूल?”

मी स्टूल पुढे केलं.

“तुम्ही... रागावलात का? म्हणजे, मी न विचारता घुसलो म्हणून?”

मी मान हलवली. पुस्तकांची यादी संगणकावर गेल्यापासून जुनी कार्डं गठ्ठ्यानं पडून होती, पाठ कोरी. त्यातलं एक उचलून मी लिहिलं: ‘रागावले नाही. दहाची घंटा होईपर्यंत माझं मौन असतं. रोज. तुम्ही बोला, मला ऐकू येतं.’

त्यांनी कार्ड वाचलं आणि एकदम आवाज खाली आणला. “मग मीही हळूच बोलू का?”

मी खाली आणखी एक ओळ लिहिली: ‘ग्रंथालय आहे. हळूच बोलायचं असतं.’

ते हसले. आवाज न करता, नुसते खांदे हलवून. मी पटकन कपाटाकडे वळले, आणि ‘इतिहास’मधलं पुस्तक ‘गणिता’त लावून ठेवलं.

मग ते खरं काय ते सांगू लागले. शाळेच्या सर्व्हरवर त्यांनी मुलांना प्रत्येकी एक स्वतःचं पान दिलं होतं. बेचाळीस मुलं, बेचाळीस पानं. कुणी मांजरावर लिहिलं होतं, कुणी पुलांवर. आणि नववीतल्या घड्याळवालीनं आजोबांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानावर. तिनं पानावर घरचा पत्ता दिला, फोन नंबर दिला, आणि खाली अगत्यानं कळवलं की शनिवार ते मंगळवार आम्ही सगळे मावशीकडे जाणार, घरी कुणी नसेल, तरी अभिप्राय पानावरच लिहावा.

मी कपाळाला हात लावला.

“तिच्या वडिलांनीही अगदी असाच लावला,” सर म्हणाले. “आणि मग ते मोठ्या बाईंच्या खोलीत आले.”

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी पुढच्या शुक्रवारची मुदत दिली होती. तोवर मुलांसाठी नीट सूचना तयार करायच्या, सगळी पानं त्याप्रमाणे सुधारायची. शुक्रवारी सकाळी त्या स्वतः एकेक पान उघडून बघणार. एकानं जरी नियम मोडलेला दिसला, तर सर्व्हर बंद. बेचाळीसच्या बेचाळीस पानं खाली.

“यंत्राचं मला कळतं हो. पण मुलांना समजेल असं लिहिता येत नाही. हे बघा ना...” त्यांनी कागद पुढे केला.

पहिली सूचना होती: ‘वापरकर्त्याने स्वनिर्देशिकेत केवळ अनुज्ञेय संचिकांचेच आरोपण करावे.’

मी लिहिलं: ‘हे वाचून मूल पळून जाईल. मीही.’

“म्हणजे... तुम्ही मदत कराल?”

तेव्हाच घंटा झाली. दहा. मी डोळे मिटून हात जोडले. मौन सुटल्यावर माझा पहिला शब्द देवाचा असतो, तो पुटपुटले, आणि म्हणाले, “करीन. पण ‘आरोपण’ मी कुठेही राहू देणार नाही.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कपाटच बोलायला लागलंय.

---

त्यानंतर रोज सकाळी ते ग्रंथालयात येऊ लागले. त्यांच्या खोलीतली वीज केव्हाच आली होती, पण ती गोष्ट त्यांनी काढली नाही आणि मीही नाही.

सकाळी ते बोलायचे, मी लिहायचे. दहानंतर मी बोलायचे आणि ते... ते ऐकायचे. एकेक सूचना एकेका कार्डावर उतरत गेली.

‘पानावर फक्त पहिलं नाव. पत्ता, फोन आणि कुठे कधी जाणार हे घरातच ठेवावं.’

‘फाइलच्या नावात मोकळी जागा सोडू नये. सर्व्हर तिथे अडखळतो.’

‘चित्र लहान करून लावावं. पान उघडेपर्यंत पाहुण्याला दारात तिष्ठत ठेवू नये.’

“आणि ते ‘पान तयार होत आहे’ असं लिहून ठेवतात, त्याचं काय?” सरांनी विचारलं.

“स्वयंपाक व्हायच्या आधी कुणी पाहुण्याला पानावर बसवतं का? तयार झालं की मगच बोलवावं.”

“हेच लिहा! अगदी असंच!”

“सूचनांमध्ये स्वयंपाक?”

“मॅडम, मुलांना भूक कळते. संचिका नाही कळत.”

सातव्या सूचनेवर ते अडून बसले. प्रत्येक चित्रामागे दोन ओळींचं वर्णन लिहायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं. चित्र उघडलंच नाही, किंवा वाचणाऱ्याला दिसतच नसेल, तर त्या जागी ते वर्णन येतं. “चित्र नसलं तरी माणसापर्यंत काहीतरी पोचतं बघा,” ते म्हणाले. मला ते फार आवडलं. म्हणजे... त्यांचं म्हणणं आवडलं.

आठवी सूचना माझी. ‘दुसऱ्याचा फोटो किंवा त्याच्याविषयीचा मजकूर त्याला विचारल्याशिवाय पानावर नको. परवानगी लेखी हवी. तोंडी चालणार नाही.’

“तोंडी का नको?” त्यांनी विचारलं.

“तोंडचे शब्द भसकन निघून जातात, सर. लिहिताना माणूस थांबतो.”

त्यांनी ते कार्ड पुन्हा वाचलं. मग चाचरत म्हणाले, “म्हणून... तुमचं मौन?”

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळे एकतर हसायचे, नाहीतर उगाच आदर दाखवायचे.

“मी फार बोलायचे,” मी म्हणाले. “आणि सकाळी तर तोंडाला कुलूपच नसायचं. एकदा घाईत बाबांना काहीतरी तोडून बोलले. ते नुसते उठून गेले. दिवसभर जेवले नाहीत. तेव्हापासून सकाळचा आवाज देवाकडे ठेवते. दहाला परत मागून घेते.”

“मोडलं नाही कधी?”

“तीन वर्षांत एकदाही नाही.” माझ्या स्वरात थोडा अभिमान आला असावा. असू दे. तेवढा देवानं पोटात घातला असेल.

नववी आणि शेवटची सूचना त्यांची: ‘आपलं पान दुसऱ्याच्या संगणकावरून उघडून बघावं. आपल्याला आपलं सगळंच दिसत असतं.’

सगळी कार्डं एका पुठ्ठ्यावर चिकटवून आम्ही संगणकाच्या खोलीच्या दारावर लावले. त्यांचं तिरकं अक्षर, माझं सरळ. एकेक सूचना आलटून पालटून. येता-जाता मी तिकडे बघायचे आणि उगीचच पदर सारखा करायचे.

घरी वहिनीच्या नजरेतून काही सुटत नाही. “सकाळी केस विंचरताना हसत होतीस,” ती म्हणाली.

“मौनात हसायला बंदी नाही.”

“तसं नाही गं. कशाला हसत होतीस ते विचारतेय.”

“एक नियमावली लिहितेय.”

“अगंबाई! नियमावली! दिसायला बरी आहे का?”

मी उशी फेकली. ती तिनं झेलली आणि आईला हाक मारत स्वयंपाकघरात पळाली.

---

गुरुवारी शेवटचं पान राहिलं होतं, ते घड्याळवालीचं. रडवेली होऊन ती ग्रंथालयात आली. “बाई, पत्ता काढला, फोन काढला. आता पानावर उरलंच काय? आजोबा कळणारच नाहीत कुणाला.”

“पत्त्यानं दुकान कळतं. आजोबा कसे कळतील? ते काम कसं करतात, सांग बघू मला.”

ती नाक ओढत म्हणाली, “ते आधी घड्याळ कानाला लावतात. आणि म्हणतात, बिघडलं नाही, रुसलंय.”

“हे लिही.”

“एवढंच?”

“एवढंच. आणि आजोबांना दाखव. त्यांची सही आण.”

तासाभरात ती परत आली. परवानगीच्या कागदावर आजोबांची थरथरती सही होती आणि खाली लिहिलं होतं: ‘नात हुशार आहे. हेही छापावे.’ सर आणि मी एकाच वेळी हसलो, एकाच वेळी थांबलो, आणि मग कुठे बघावं ते दोघांनाही कळेना.

त्या दिवशी सरांनी बेचाळीसच्या बेचाळीस पानं माझ्या संगणकावरून तपासली. शेवटी राहिलं त्यांचं स्वतःचं पान. मुलांना नमुना म्हणून ते होतं. तेही त्यांनी घाईघाईत सर्व्हरवर चढवलं आणि म्हणाले, “झालं. माझं काय बघायचं त्यात!”

---

शुक्रवारी सव्वानऊला मोठ्या बाई माझ्या ग्रंथालयात येऊन बसल्या. मोठा पडदा तिथेच होता. बेचाळीस मुलं भिंतीला टेकून उभी. घड्याळवालीच्या वडिलांनाही बाईंनी मुद्दाम बोलावलं होतं. सर माउस धरून बसले होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. मी माझ्या टेबलाशी. मौनात.

पान उघडायचं, बाई वाचायच्या, “पुढे,” म्हणायच्या. मांजर, पूल, ढग, फुटबॉल. “पुढे. पुढे.” घड्याळवालीच्या पानावर त्या थांबल्या. ‘बिघडलं नाही, रुसलंय’ हे त्यांनी मोठ्यानं वाचलं. तिच्या वडिलांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता. मला इतकं भरून आलं की देवाला मनातल्या मनात म्हटलं, आता आणखी काही नको.

“बेचाळीस झाली,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तुमचं राहिलं, सर.”

“माझं... ते नमुन्याचं आहे, बाई.”

“मग आधी तेच नीट हवं.”

पान उघडलं. वर सरांची माहिती, खाली नऊ सूचना. आणि मध्ये एक रिकामी चौकट. चित्र नव्हतंच. चित्राच्या जागी नुसतं वर्णन आलं होतं.

मोठ्या बाईंनी ते सावकाश वाचलं. “‘चित्र: ग्रंथालयाच्या खिडकीपाशी कार्डावर काहीतरी लिहीत असलेल्या बाई. दहाला अजून वीस मिनिटं आहेत. मी वाट बघतोय.’”

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला. मुलांमधून कुणीतरी ‘आईशप्पत’ म्हणालं.

सरांचं तोंड पांढरंफटक. “बाई, ते... नव्या कपाटांचा फोटो काढला होता. कोपऱ्यात ह्या आल्या. विचारल्याशिवाय लावायचा नाही म्हणून तो सर्व्हरवर चढवलाच नाही, शपथ! पानाच्या दोन प्रती होत्या. एक माझ्यापुरती. काल घाईत मी तीच...”

“दुसऱ्याच्या संगणकावरून बघितलं नाहीत?”

“सगळ्यांची बघितली.”

“दिव्याखाली अंधार.” मोठ्या बाईंनी दारावरचा पुठ्ठा मागवला. आठव्या सूचनेवर बोट ठेवलं. “फोटो नाही, मान्य. पण ‘त्याच्याविषयीचा मजकूर’ असंही लिहिलंय इथे. परवानगी लेखी. आहे तुमच्याकडे?”

“नाही.”

“मग माझा शब्द तुम्हाला ठाऊक आहे. एक पान जरी...”

बेचाळीस तोंडं माझ्याकडे वळली. घड्याळवालीनं ओठ घट्ट दाबून धरले होते. भिंतीवर नऊ चाळीस. सर माझ्याकडे बघत नव्हते. “चूक माझी आहे,” ते खाली बघत म्हणाले. “माझं पान काढा, बाई. मुलांची राहू द्या.”

एक शब्द माझ्या गळ्याशी येऊन उभा राहिला. तीन वर्षांत पहिल्यांदाच इतका जवळ. मी तो गिळला. आणि मग लक्षात आलं, की त्याची गरजच नाही. नियम माझाच होता. तोंडी चालणार नाही!

मी गठ्ठ्यातलं कार्ड उचललं. लिहिताना माणूस थांबतो, म्हणतात. मी थांबले. एक श्वास... मग न खोडता लिहिलं, सही केली, तारीख घातली, आणि उठून मोठ्या बाईंच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा वर केला. “‘वरील मजकुरास माझी परवानगी आहे. फोटोही लावावा. वाट बघणाऱ्यांना सांगावे की मीही बघतेय.’”

मुलांनी जो गलका केला, तो त्या ग्रंथालयानं कधी ऐकला नसेल. आणि ‘हळू’ म्हणायची मला सोय नव्हती.

मोठ्या बाईंनी टेबलावर हात आपटून सगळ्यांना गप्प केलं. कार्ड सरांपुढे सरकवलं. “फाइलला लावा. परवानगी उशिरा आली, पण लेखी आहे. सर्व्हर चालू राहील.” मग उठताना, आवाज बदलून, “आणि सर, पुढच्या वेळी चित्राच्या आधी माणसाला विचारत जा.”

सगळी गेली. घड्याळवालीला वडील खांद्याला धरून घेऊन गेले. “आजोबांना काय काय सांगायचंय गं,” असं म्हणताना ऐकू आलं. दारावरचा पुठ्ठा परत दारावर गेला, जरा वाकडा.

ग्रंथालयात आम्ही दोघं. पाच मिनिटं होती. सर स्टुलावर बसले, ते कार्ड दोन्ही हातांत धरून. माझं मौन त्यांनीही पाळलं.

घंटा झाली.

मी डोळे मिटले, हात जोडले. पहिला शब्द देवाचा होता, नेहमीसारखाच.

मग डोळे उघडले. इतके दिवस ज्यांना ‘सर’ म्हणत आले होते, त्यांच्याकडे पाहिलं, आणि दुसरा शब्द आपणहून आला...

“अहो.”