पुढून पहिला बोल्ट

सिग्नलला एक जुनी राखाडी गाडी फटफटत येऊन थांबली आणि फुटपाथवरून चाललेली छोटी जागच्या जागी थबकली. मान वाकडी करून, डोळे बारीक करून ती गाडीकडे बघत राहिली. आतल्या तरुणाला वाटलं, ही आपल्याकडेच बघतेय. त्याने घाईघाईने केस सारखे केले, चष्मा वर सरकवला. बिचारा... ती त्याचं इंजिन ऐकत होती.

तिने काचेवर टकटक केलं. "तुमचं एक्झॉस्ट तडकलंय."

"माझं?"

"गाडीचं. इंजिनातला धूर बाहेर काढणारा लोखंडी तुकडा असतो, तो. सकाळी थंड असताना जास्त फटफटते ना? तापली की जरा गप्प बसते?"

"हो... पण तुम्हाला कसं कळलं?"

"ती केव्हापासून सांगतेय. तुम्हीच ऐकत नाही."

सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी स्वारी हलेना. शेवटी तिनेच हाताने दिशा दाखवली. "पुढच्या चौकात निळं शटर आहे. माझ्या मामाचं गॅरेज, मी तिथेच काम करते." आणि ती रस्ता ओलांडून निघूनही गेली.

तो आला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, शेजारच्या गावात दुसरं होतं, आणि रोज दोन्हीकडे जायचं म्हणजे गाडीवाचून त्याचं पान हलत नव्हतं. तसला तुकडा आता कंपनीत मिळत नव्हता. छोटीने सुचवलं, बाहेरच्या बनावटीचे हेडर बसवू. इंजिनाच्या चार तोंडांतून चार नळ्या निघतात, वळणं घेत खाली येतात आणि एकीत मिळतात. धूर सुटसुटीत बाहेर पडतो.

"आवाज थोडा भारदस्त होईल, चालेल?"

"चालेल की. माझ्यात काहीतरी भारदस्त असावं असं आईचंही म्हणणं आहे."

छोटी हसली. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले मामा मात्र हसले नाहीत. त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता, आणि शेजारचा टायरवाला गॅरेजच्या जागेवर डोळा ठेवून होता. चष्मेवाला गेल्यावर त्यांनी भाचीला समोर बसवलं.

"हे काम तू एकटीने करायचं. मी हात लावणार नाही. काम परत आलं नाही, तर गॅरेज तुझं. परत आलं, तर मी जागा टायरवाल्याला देऊन मोकळा होतो."

"एका कामावर, मामा?"

"माझं काम परत आलं तर लोक म्हणतील, चुकलं असेल. तुझं आलं तर म्हणतील, तरी आम्ही सांगत होतो. तुला उघड्यावर टाकून मला घरी बसायचं नाही, छोटे."

मामा वाईट नव्हते, घाबरलेले होते. लहानपणापासून छोटीने या एका जागेशिवाय दुसरं काही मागितलं नव्हतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

काम रविवारी काढलं, कारण सोमवारी गाडी रस्त्यावर हवी होती. चष्मेवाला घरी जाईना. उपड्या खोक्यावर बसून त्याने टॉर्च धरायचं काम मागून घेतलं. जुने बोल्ट गंजून चिकटले होते. छोटी त्यांच्यावर गंज सोडवणारं औषध मारायची, थांबायची, पान्याने हळूच चाचपून बघायची, पुन्हा थांबायची.

"एवढा धीर कुठून आणता?"

"गंजलेला बोल्ट आणि लाजरा माणूस... दोघांवर जोर करून चालत नाही. तुटतात."

"मग काय करायचं?"

"वाट बघायची. आणि टॉर्च बोल्टवर धरायचा, माझ्या तोंडावर नाही."

टॉर्च खाली गेला. त्याचे कान लाल झाले होते, ते तिला खालूनही दिसलं.

धूर निसटू नये म्हणून सांध्यात नवी गॅस्केट लागली, नळ्या बसल्या, बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला क्रमाने आवळले गेले. तिने प्रत्येक बोल्टवरून नळ्यांना जोडणाऱ्या लोखंडी पट्टीवर उष्णतेत टिकणाऱ्या पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. मामांचीच शिस्त होती ती. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि चोरी पकडली जाते. गाडी सुरू केली तसा नळ्यांमधून धूर निघाला आणि चष्मेवाला खोक्यावरून ताडकन उठला.

"नव्या नळ्यांवरचं तेल जळतंय. बसा."

धूर विरला. मग आला तो आवाज... खालच्या पट्टीतला, भरलेला, कुठेही न फाटणारा. चष्मेवाला लहान मुलासारखा हसला, आणि समोर इंजिन चालू असूनही छोटीला ते ऐकू येईनासं झालं. असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

तापून थंड झाले की बोल्ट थोडे सैल पडतात, म्हणून आठवड्याने ते एकदा पुन्हा आवळायचे असतात. तो वेळेवर आला. तिने बोल्ट आवळले, नव्या रेघा ओढल्या, हात पुसले.

"झालं. आता परत यायची गरज नाही."

"अजिबात नाही?" त्याचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे... चांगलंच झालं."

चांगलं झालं नव्हतं. रात्री छोटीने दोनदा पोळी करपवली.

तीनच दिवसांनी गाडी दारात उभी. टिक्-टिक् आवाज येत होता. मामांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्यांच्या देखत छोटीने सैल पडलेला बोल्ट आवळला. मामांची नजर पाठीवर होती, रेघेकडे लक्षच गेलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच आवाज. या वेळी मामांनी सरळ टायरवाल्याला फोन लावला आणि संध्याकाळी येऊन जा म्हणून सांगितलं.

छोटीचे डोळे भरून आले. कुठे चुकलं? तिने छोटा आरसा घेतला आणि एकेक बोल्ट तपासला. सगळ्या रेघा शाबूत होत्या. तुटली होती ती फक्त पुढून पहिल्या बोल्टची, ज्याच्यापर्यंत बॉनेट उघडून नुसता हात पोचतो. आणि आपोआप सैल पडणाऱ्या बोल्टचे कोपरे झिजत नाहीत. याचे झिजले होते, चुकीच्या मापाचा पाना लावून.

तिने वर बघितलं. चष्मेवाला छताकडे बघत शिंकत होता.

"सर्दी कशाने झाली?"

"ते... काचा उघड्या ठेवून गाडी चालवतो ना. बोल्ट ढिला असला की धूर आत येतो, असं वाचलं होतं, म्हणून..."

"म्हणजे धूर येणार हे ठाऊक होतं." ती उभी राहिली. "बोल्ट तुम्ही ढिला केलात. दोन्ही वेळा."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुम्हीच म्हणालात, परत यायची गरज नाही. गाडी तर इतकी ठणठणीत करून ठेवलीत की दुसरं निमित्तच उरलं नाही."

खरं सांगायचं तर तिला आनंदाने उडी मारावीशी वाटली. आणि त्याच पान्याने त्याला बदडावंसंही वाटलं. तिने हलक्या आवाजात त्याला सगळं सांगितलं, मामांची अट, टायरवाला, फोन. ऐकता ऐकता त्याचा रंग उतरला. तो सरळ मामांच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला.

"मामा, काम चोख होतं. बोल्ट मी सैल केला."

"का?"

"तुमची भाची मला आवडते. तिला भेटायला दुसरं काही सुचलं नाही. चुकलं माझं. बाहेर सगळ्यांना सांगायला लावा, सांगतो. पण तिचं गॅरेज जाऊ देऊ नका."

मामांनी त्याला खालून वर न्याहाळलं. मग खुर्चीचे हात धरून, कण्हत उठले. छोटी धावली, त्यांनी तिला हातानेच थांबवलं. आरसा घेऊन गाडीपाशी गेले, तेच दुखरे गुडघे वाकवून खाली बसले, आणि एकेक रेघ बघत राहिले. शेवटच्या बोल्टपाशी बराच वेळ थांबले.

"मागचा बोल्ट माझ्याच्याने कधी असा सरळ बसला नाही," ते जमिनीकडे बघतच म्हणाले. मग खिशातून किल्ल्या काढून त्यांनी वर हात केला. "घे. आणि आता मला उठव. या चष्मेवाल्याला पण हात लावू दे, त्याला कसलं तरी काम द्यायला हवं."

दोघांनी मिळून त्यांना उठवलं. मामा टायरवाल्याला नको सांगायला फोन घेऊन बाहेर गेले. छोटीने नवा बोल्ट लावला, आवळला, रेघ ओढली आणि बॉनेट बंद केलं. तो अजून तिथेच उभा होता, शिक्षेची वाट बघत.

"उद्या किती वाजता दुकान बंद करता?"

"सातला. पण गाडी तर आता..."

"गाडी घरी ठेवा," छोटी म्हणाली. तिचेही कान लाल झाले होते. "तुम्ही या."