चोपन्न किलोची धाकधूक

"हा काटा खोटं बोलतोय!"

सात रस्त्याजवळच्या त्या छोट्याशा काटेदुरुस्तीच्या दुकानात अपेक्षानं वजनकाटा टेबलावर आदळला, तसा आत स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेला मुलगा दचकून उभाच राहिला. बाहेर एप्रिलचं ऊन रस्ता भाजत होतं. घामानं तिच्या कपाळाला चिकटलेले केस, नाकावर जुन्या जखमेचा बारीकसा व्रण आणि डोळ्यांत… डोळ्यांत चक्क पाणी!

"किती खोटं बोलतोय?" त्यानं विचारलं.

"दीड किलो."

"जास्त का कमी?"

"जास्त! कमी बोलला असता तर मी आले असते का हितं?"

तो हसला. ती हसली नाही. मग त्यानंही हसू गिळलं, मापाची वजनं काढली आणि एकेक करून काट्यावर ठेवली. लाल आकडे अगदी बरोबर उमटत गेले. शेवटी नातेवाइकांना वाईट बातमी सांगावी तशा आवाजात तो म्हणाला, "काटा… खरं बोलतोय की वो."

अपेक्षा स्टुलावर मटकन बसली.

टेंभुर्णीच्या शेतकऱ्याची ही लेक बॉक्सिंगसाठी मावशीकडं सोलापुरात राहत होती. गट चोपन्न किलोचा. मागच्या हिवाळ्यात चुलतबहिणीच्या लग्नात तिनं स्वतःला सैल सोडलं. रोजचं धावणं चुकलं, जेवणावळी चुकल्या नाहीत. स्पर्धा तोंडावर आल्यावर पाणी तोडलं, भर उन्हात रेनकोट घालून धावली आणि कसंबसं वजन उतरवलं. गटाच्या वजनात ती बसली. पण रिंगमध्ये दुसऱ्या राऊंडला पाय कणकेच्या गोळ्यासारखे झाले आणि ती कोसळली. तिचे प्रशिक्षक उदयसिंह सर त्या दिवशी रागावले नाहीत. परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, "पोरी, लढत नसते ना, तेव्हाच खरा बॉक्सर घडतो."

तेव्हापासून ती घास मोजून खात होती. पण पुढची स्पर्धा दोनदा लांबली होती आणि आता तारीखच नव्हती. तारीख असली की माणूस दात-ओठ खाऊन तयारी करतो. ही कसली तयारी, जिला पलीकडचा काठच दिसत नाही? उद्या बोलावणं आलं तर? आणि वर्षभर आलंच नाही तर?

हे सगळं तिनं त्या अनोळखी मुलाला सांगून टाकलं. का, ते तिलाही कळलं नाही.

"मग दीड किलो कशानं वाढलं?"

"मावशीनं पुरणपोळी केली होती. एकच खाल्ली. म्हणजे… अडीच."

आता मात्र दोघंही हसले. त्याचं नाव गुरुसिद्धप्पा. सगळे गुरु म्हणत.

त्याच आठवड्यात सकाळी कंबर तलावाच्या कडेनं धावताना तिच्या मागं कुणीतरी भात्यासारखं धापा टाकत येऊ लागलं. तिनं वळून पाहिलं.

"तुमी? हितं?"

"डॉक्टरनं… सांगितलंय… धावायला."

"कुठल्या डॉक्टरनं?"

गुरु गुडघ्यांवर हात टेकून वाकला. "नाव… आठवंना."

मग तो रोज येऊ लागला. ती पुढं, तो मागं. ती वळून त्याला चिडवायची आणि पाण्यावरच्या गार वाऱ्यात त्याचं हसू तिच्यापर्यंत पोचायचं. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. एकदा त्यानं डबा आणला. आतल्या शेंगापोळीचा गुळाचा, भाजलेल्या शेंगांचा वास तिच्या थेट पोटात उतरला. तिनं डबा क्षणभर छातीशी धरला आणि झाकण लावून परत दिला.

"आईला काय सांगू?" त्याची आई कमलम्मा मूळची अक्कलकोटची, घरात सगळं कानडीतच चालायचं.

"सांग, बॉक्सिंगवाली हाय, वासावरच पोट भरती."

गुरुनं डबा पिशवीत सरकवला. मग चाचरत म्हणाला, "आईला मी… तू खेळाडू आहेस, एवढंच सांगितलंय."

"कसली खेळाडू?"

"…बॅडमिंटन."

अपेक्षा त्याच्याकडं बघत राहिली. "आणि माझं हे नाक? बॅडमिंटनच्या फुलानं फुटलं म्हणायचं व्हय?" ती विनोदानं बोलली खरी, पण आत काहीतरी कचकन मोडलं. तिच्या खेळाची त्याला लाज वाटत होती का? का आईची भीती? असली, रोज मार खाणारी पोरगी कोण घरात आणतंय…

"लाज न्हाय गं," तो घाईनं म्हणाला. "आई नको म्हणाली तर काय करू, ते मला सुचत न्हाय. म्हणून…"

त्या दिवशी सरावात तिच्या कानशिलावर एक ठोसा बसला. साधा, सहज चुकवता आला असता असा. दुसऱ्या दिवशीही तेच. "लक्ष कुठाय तुझं?" सर ओरडले. लक्ष कुठं होतं, ते तिला चांगलं ठाऊक होतं आणि त्याचीच तिला धडकी भरली. मागच्या वेळी जेवणावळींनी घात केला. या वेळी हा करणार?

"तू येत जाऊ नकोस," सकाळी तिनं त्याला सांगून टाकलं.

"कायमचं?"

"लढत होईस्तोवर."

"लढत कधी आहे?"

"तेच तर ठाऊक न्हाय ना!" ती जवळजवळ किंचाळलीच.

गुरुनं मान हलवली आणि तो गेला.

तो खरंच आला नाही. ती धावत राहिली. दोरीवरच्या उड्या, वाळूच्या पिशवीवर ठोसे, दुपारी एक भाकरी आणि मटकी… काहीही चुकलं नाही. पण तलावाच्या वळणावर तिची मान आपोआप मागं फिरायची आणि मागं नुसता रस्ता असायचा. वजन उतरलं, काळजी तेवढी चढली. आपण त्याला लढत होईपर्यंत थांब म्हणालो… त्यानं कायमचंच धरलं असेल तर?

आणि जूनमध्ये सरांचा फोन आला. राज्य संघाची निवड लातूरला व्हायची होती. तिथल्या हॉलचं काम निघालं म्हणून ती सोलापुरात हलवली होती. तीही येत्या रविवारी!

सगळ्यांची पळापळ झाली. वजनाच्या सकाळी कुणी जाकिटावर जाकीट चढवून जिने चढत होतं, कुणी ओठ कोरडे करून भिंतीला टेकलं होतं. अपेक्षा काट्यावर चढली आणि चोपन्नाच्या आतच उतरली. घोटभर पाणी प्यायली.

शेवटच्या लढतीआधी तिनं सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. गुरु नव्हता.

घंटा झाली. पहिला राऊंड बरोबरीत गेला. दुसरा आला. इथंच ती कोसळली होती. आत्ता पाय जातील… आत्ता… पण पाय गेले नाहीत. रोजच्या त्या कंटाळवाण्या सकाळी तिच्या पोटऱ्यांत साठून राहिल्या होत्या. समोरची पोरगी मात्र तोंड उघडून श्वास घेत होती. गर्दीतून कुणा बाईचा घोगरा आवाज कानडी-मराठीत सारखा येत होता, "होडि! होडि गं! हाण तिला!" तिसऱ्या राऊंडला अपेक्षाची भुवई फुटली, डोळ्यावर रक्त आलं, तरी ती पुढंच सरकत राहिली. निकालाला पंचांनी हात उचलला, तो तिचा होता.

पट्टी बांधून ती बाहेर आली, तर कडुनिंबाखालच्या कट्ट्यावर गुरु बसलेला. दोन्ही कानांत बोटं आणि डोळे गच्च मिटलेले.

तिनं त्याचा हात कानावरून ओढला. "संपली लढत."

त्यानं तिची भुवई पाहिली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "हरलीस?"

"जिंकले. तू आत का न्हाय आलास?"

"घंटा झाली तसा आलो होतो. पहिला ठोसा बसला आणि बाहेर पळालो. पण आई थांबली."

"आई?"

"पेपरात निवडीची बातमी वाचली आणि सगळं खरं सांगितलं तिला. चार दिवस बोलली न्हाय माझ्याशी. आज सकाळी म्हणाली, चल, मला बघू दे."

तेवढ्यात पदरानं घाम पुसत कमलम्मा दारातून बाहेर आल्या. ओरडून ओरडून त्यांचा घसा पार बसला होता. अपेक्षाच्या छातीत लढतीच्या आधी झालं नव्हतं एवढं धडधडलं. कमलम्मांनी तिची हनुवटी वर उचलली आणि भुवई निरखली.

"डावा हात खाली सोडलीस, म्हणून लागलं," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "बस हितं. बर्फ आणते." आणि तरातरा निघून गेल्या.

दोघं कट्ट्यावर बसले.

"अपेक्षा… मला तू लई आवडतीस. पण तुला मार बसताना मला बघवत न्हाय."

"मी सोडणार न्हाय."

"सोड म्हणलोच न्हाय मी. म्हणणार पण न्हाय."

तिनं पट्ट्या गुंडाळलेला हात हळूच त्याच्या हातात ठेवला. "आता राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा. कधी, ते अजून ठरलं न्हाय. मला आत्तापासूनच भ्या वाटायलंय, गुरु."

"मला पण."

"मग?"

"मग काय…" त्यानं तिची बोटं मिटून घेतली. "दोघं मिळून भिऊ की!"