शंभराचं व्याज आणि आखाजीचा मुहूर्त

त्या शनिवारी जळगावच्या बाजारात तो माझ्या अगदी वाटेत उभा होता. घ्यायचं काहीच नाही, नुसते भाव विचारायचे!

"मास्तर, धुळ्याला दुकानं नाहीत का?" दुकानदार बन्सीलालशेठ वैतागले.

मी हळूच म्हटलं, "जरा सरकता? मला भगर घ्यायची आहे."

तो वळला. डोळे हसरे. "गेल्या वर्षी भगर काय भावानं होती, आठवतं?"

"दर शनिवारी मारुतीचा उपास असतो माझा. मला नाही आठवणार?"

"मग तुम्हालाच विचारत जाईन."

तो अभिमन. धुळ्याच्या शाळेत मास्तर, इथे मावशीकडे यायचा. मग शनिवार आला की देवळातून निघताना पाय आपोआप बाजाराकडे वळायचे… मारुतीराया, क्षमा कर, असं मनात म्हणत मी जायची.

एकदा मी विचारलं, "एवढे भाव कशाला हवेत?"

"आपली आणि विलायतेची तुलना करतोय. पोस्टातलं व्याज दोन्हीकडे शेकड्याला दोन-तीनच. युद्ध लागलं तेव्हा भाव त्यांचेही चढले, पण आता तिकडे ते आवरलेत. आपल्याकडे मात्र दीडपट-दुप्पट! म्हणजे इथे शंभराचे एकशे तीन हातात येतात, पण धान्य पूर्वीच्या निम्मं-पाऊणच मिळतं."

"आणि मंदीत? तेव्हा तर सगळं स्वस्त झालं होतं."

"तेव्हा उलट. भाव पडले, ठेवणारा दोन्हीकडे फायद्यात." तो थांबला. "तुम्ही असं ऐकत राहिलात तर… मी हिशोब विसरेन."

माझे कान तापले.

श्रावणात त्याच्या आईनं मागणी घातली. आमचे आबा, पितांबर पाटील, खूश झाले. पण म्हणाले, "दोन वर्षं थांबा. पैसे पोस्टात आहेत. मंदीत त्यांनीच मला तारलं. व्याज साठू द्या, पोरीला सात तोळे घालीन."

दोन वर्षं! अभिमन मात्र उत्साहानं पुढे सरकला. "आबा, मंदीचे दिवस गेले. आता व्याजापेक्षा भाव पुढे पळतात. आजच पैसे काढा, आजच सोनं घ्या. दोन वर्षांनी तीन तोळेही व्हायचे नाहीत."

मुलाकडच्यानं स्वतःच्या तोंडानं सोनं मागितलं, असंच सगळ्यांना वाटलं.

आबा रागावले की त्यांची खानदेशी वर यायची. "बठ्ठं आत्तेच पाहिजे का तुले? तुनी नजर पोरवर शे का सोनावर?" सगळं आत्ताच हवं, म्हणजे डोळा पोरीवर की सोन्यावर, असं ते विचारत होते.

तो पांढरा पडला, आईला घेऊन उठला. पुढचा शनिवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. आई सांगे, "जेव गं शेवंता, आज उपास नाही." घास उतरत नव्हता. आबा त्याच्या आईला नकार कळवणार, हे ऐकलं होतं. कधी कळवतील, आज? उद्या?

आणि तो आला, एकटाच. ओट्यावर उभ्यानंच म्हणाला, "आबा, पैसे पोस्टात राहू द्या. मला गुंजभर सोनं नको. येत्या अक्षय्य तृतीयेला, आखाजीला, लग्न करून द्या, एवढंच."

"बोडक्या गळ्यानं पोर धाडू? भाऊबंद काय म्हणतील? दोन वर्षं थांब, नाहीतर दुसरीकडे बघ."

त्यानं मान खाली घातली. जोडे पायात सरकवू लागला. मी दाराआडून पुढे आले. जन्मात आबांसमोर आवाज चढला नव्हता माझा.

"आबा… मला दोन वर्षं थांबायचं नाही!"

आईच्या हातातली सुपली खाली पडली.

"याचं व्याज-भाव मला नाही पटलं," आबा म्हणाले. "पण तू कधी काही मागितलं नव्हतंस, पोरी." मग आत वळून, "पंचांग आण गं."

अभिमन माझ्याशेजारून ओसरीवर चढला. पुटपुटला, "एवढ्या मोठ्यानं?"

"तुम्ही जोडे घालत होतात ना…"

"आणि सोनं?"

"ते तुम्ही आणि आबा भांडून ठरवा."

आबा तिथीवर बोट फिरवत होते. इतके दिवस लग्न होणार नाही म्हणून जीव कापत होता. आता बोट आखाजीवर थांबलं… आणि होणार म्हणूनही तसाच कापायला लागला.